लाल, पिवळी आणि आमचा साळा

साऱ्या वऱ्हाडात जेवताना सगळ्यांत नकोसा सोबती कोण, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक माझ्या धाकट्या साळ्याकडे बोट दाखवीन. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. मागे एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं, प्लीहा फाटली आणि पोटात रक्त साचत गेलं. वरून जितकं चढवावं तितकं आत वाहून जात होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं की नुसत्या लाल पेशी देत राहिलो तर उरलंसुरलं रक्त गोठायचंच थांबेल. सोबत पिवळा प्लाझ्मा हवा, प्लेटलेट्स हव्यात, आणि रक्त कोमट करून द्यायला हवं. आम्ही भेदरून माना डोलावल्या. माझी बायको व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती.

तो वाचला. बाईंचं बोलणं त्याने बहिणीकडून ऐकून पाठ केलं, आणि तेव्हापासून त्याचं व्याख्यान सुरू आहे. अमरावतीला माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीत वरणाचं भांडं येताच तो शेजारच्या व्याह्यांना म्हणाला, "नुसतं लाल देऊन भागत नाई, पिवळं बी लागते." व्याह्यांनी वरण घेतलं नाही.

अपघाताच्या दिवशी मीही रक्त दिलं होतं. ते बदली म्हणून रक्तपेढीत जमा झालं, त्याच्या अंगात गेलंच नाही, हे सांगून माझी जीभ झिजली. पण त्याला दुपारी झोप आली की दोष माझ्या मास्तरकीच्या रक्ताचा, आणि गिऱ्हाइकाचं नाव विसरला तरी माझ्याच. शेवटी वैतागून मी म्हणालो, अरे, तुला ज्यांचं मिळालं ते लोक वेगळेच आहेत. ते कोण, म्हणून तो पेढीत जाऊन आला. तिथे नावं सांगत नाहीत. त्या संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखत होता. असं मी प्रथमच पाहिलं.

परवा त्याच्यासोबत जुन्या शहरात बाजाराला गेलो. पूर्वी गाडी लावण्यावरून तो इथे रोज कुणाची तरी गचांडी धरायचा. आता भाजीवालीला नमस्कार, हमालाला आधी वाट, पानवाल्याच्या पोराबाळांची चौकशी. एवढ्याशा कामात अख्खी दुपार गेली. त्यात एका रिक्षाचं चाक त्याच्या पायाला घासून गेलं, आणि रिक्षावाल्याने वर त्यालाच शिवी हासडली. मी बाह्या सरसावल्या. साळ्याने माझा हात धरला.

"जाऊ द्या, भाऊजी. यानंच रगत देल्लं असन तर?"

रिक्षा गर्दीत दिसेनाशी झाली. तो एका पायावर भार देऊन तिकडे बघत राहिला. मला उशीर झाला होता, पण 'चल' म्हणवेना.