आईच्या केसाळ सपाता

भुसावळ स्टेशनच्या बाहेर हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटर विकायला बसायच्या. एकदा मफलर, कानटोप्या, मोजे यांच्या ढिगात मला त्या सपाता दिसल्या. पांढऱ्या, मागून उघड्या, पुढे एकच रुंद पट्टा. पट्ट्यावर आणि आत तळालाही दाट, मऊ, खोटे केस. हात घातला की बोटं दिसेनाशी व्हायची. शहरातल्या बायका थंडीत घरातल्या घरात घालतात म्हणे. आमच्याकडे थंडी असते ती जेमतेम दीड महिना, पण मी त्या थंडीसाठी घेतल्याच नव्हत्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भुसावळच्या कॉलेजात शिकत होते आणि मुक्ताईनगरच्या अलीकडच्या आमच्या गावाहून रोज एस.टी.नं जाऊन येऊन करत होते. आदल्या दिवाळीनंतर आईच्या डाव्या पायाची करंगळी कापावी लागली होती. केळीच्या बागेत काहीतरी रुतलं, तिला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. साखरेच्या आजारानं तिच्या पायांतली जाणीव गेली होती. जळगावच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "यापुढे अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा."

सांगणाऱ्याचं काय जातं! दवाखान्यात काळ्या मऊ रबराच्या चपला मिळत. त्या आईनं हातातही घेतल्या नाहीत. तसल्या चपला महारोग्यांना देतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. साध्या चपलेचा अंगठा तिच्या बोटांमध्ये घासायचा. म्हणून या सपाता. मी त्या तिच्या पुढ्यात ठेवल्या तेव्हा बाबा म्हणाले, "दोन मांजरी आनल्या का घरात?" आई हसली. बोट गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळंच फार लवकर जिंकल्यासारखं वाटायचं.

देवाच्या खोलीत आणि चुलीपाशी ती सपाता घालणार नव्हती, ते मी गृहीतच धरलं होतं. तिथं मी गोधड्या अंथरल्या. खरी अडचण घराबाहेर होती. आमच्या घराचा दरवाजा एकच, रस्त्यावर उघडणारा, आणि दरवाजाला लागून ओटा. ओट्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आबा बसलेले असत. आबा म्हणजे बाबांचे वडील, आईचे सासरे. आमच्याकडे सून मोठ्यांच्या पुढून चपला घालून जात नाही. चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, पदर पुढे ओढायचा आणि खाली मान घालून निघून जायचं. गावातल्या सगळ्याच बायका आपापल्या सासऱ्यांपुढून तशाच जायच्या. आमच्या घरापासून वीस पावलांवर निंबाचं झाड होतं. आई घरातून निघाली की निंबापर्यंत अनवाणी आणि तिथून पुढे सपाता. येताना निंबापाशी सपाता काढायच्या आणि घरापर्यंत पुन्हा अनवाणी. हे मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं, कारण मी कॉलेजात असायची.

रोज संध्याकाळी मी तिचे तळवे बघायची. तो मी घालून दिलेला नियम. ती पाय पाटावर ठेवायची, मी बल्बखाली वाकून टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या तपासायची. एप्रिलच्या मध्यावर तिनं टाळाटाळ सुरू केली. "आज राहू दे व बाई, दमली मी." दुसऱ्या दिवशी पाय धुतलेले नव्हते, तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. चौथ्या दिवशी सकाळी मी सपाता उन्हात टाकायला घेतल्या. उजव्या सपातेच्या आत, चवड्याच्या जागी, केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते. पिवळसर डाग होता. मी ती सपाता नाकाशी नेली, कुजका वास आला, आणि तशीच आईकडे गेले.

ती बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि पाय वर घेतला. चवड्याखाली रुपयाएवढा फोड, फुटलेला, कडेनं कातडी पांढरी पडलेली. तिनं तो स्वतःच गोधडीच्या सुईनं फोडला होता आणि वर हळद दाबली होती.

"कशानं झालं?"

"काय माहीत. मले कुठी कयतं?"

पण तिला माहीत होतं; मला ते नंतर कळलं. त्या आठवड्यात ती शेजारणीकडे पापड लाटायला जात होती आणि भर बारा वाजता परत येत होती. निंबापासून आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता. एप्रिलातलं आमच्याकडचं डांबर दुपारी मऊ पडतं, सायकलीचं चाक त्यात उमटतं. त्यावरून वीस पावलं, सपाता हातात.

भुसावळला डॉक्टरांनी जखम साफ केली. मेलेली कातडी कापताना ती त्यांच्याकडे शांतपणे बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय होता. ते बघून मला जास्त भीती वाटली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागच्या वेळी बोटावर भागलं. या वेळी बोटावर थांबेल असं मी सांगत नाही. आठ दिवसांत कड काळी पडली तर सरळ जळगाव गाठा."

एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत बसले. बागांमागून बागा जात होत्या आणि मी मनात गुडघ्यापर्यंतचा, घोट्यापर्यंतचा हिशेब करत होते. आई शेजारी बसून पेंगत होती. माझा तिच्यावर इतका राग होता की तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा मी खांदा काढून घेतला. याची मला आजही लाज वाटते.

स्टँडवरून आम्ही चालत निघालो. ऊन उतरलं नव्हतं. निंबापाशी आल्यावर ती थांबली. मला वाटलं, सावलीत दम घेते आहे. तिनं खोडाला हात टेकला, वाकली, आणि पट्टी बांधलेल्या पायातली सपाता काढली.

"आई, काय करतेस?"

"आबा बसेल आहे."

मग माझं डोकंच फिरलं. मी रस्त्यात ओरडले. आबांना दिसत नाही, तुला ठाऊक आहे. त्यांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्यात नुसता उजेड उरलाय. तू रोज त्यांच्यासमोर ताट ठेवतेस तेव्हा भाजी कुठे आणि भाकरी कुठे हे माझ्या भावाला सांगायला लावतेस. मग कुणासाठी काढतेस?

तिनं दुसरीही सपाता काढली. आवाज न चढवता म्हणाली, "दिसत नही म्हनून काय त्यायचा मान बी काढून घेऊ?"

मी तिला तिथंच सोडून तरातरा ओट्यापाशी गेले आणि आबांच्या तोंडावर सगळं बोलून टाकलं. करंगळी, डांबर, फोड, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं. आमच्या घरात आबांशी असं कुणी बोललं नव्हतं. समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, "तिचं बोट कापलं?"

त्यांना काटा लागला एवढंच सांगितलं होतं. आमच्यात बायकांची दुखणी ओट्यापर्यंत पोचत नसत.

"कापलं, आबा."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मले वाटे, सून घरातून बाहेरच निघत नही. तिच्या पायाचा आवाजच येत नही कधी." मग रस्त्याच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "तिले सांग, पायात घालून ये माझ्या म्होरून. मी सांगतो म्हनून ये."

बावीस वर्षांत ते दोघं एकमेकांशी थेट बोलले नव्हते. त्यांना पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून "पानी" म्हणायचे आणि पाणी यायचं. आई निंबाखालून निघाली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दारातल्या बायका बघत होत्या. मी त्या वीस पावलांतलं एकेक पाऊल मोजलं. ती ओट्यासमोर येऊन थांबली.

"घातल्या का?" आबांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

सपाता तिच्या हातात होत्या. पट्टीचा पाय डांबरावर टेकलेला होता. सासऱ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलली ती एवढंच, आणि तेही खोटं. दोन्ही बायकांसमोर आईला खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही. मला रडू यायला लागलं होतं.

आबांनी मान तिरकी केली. बहुतेक ते ऐकत होते. मग काठी बाजूला ठेवून ते ओट्यावरून खाली पायरीवर घसरले, चाचपडत पुढे वाकले आणि त्यांनी हात खाली जमिनीकडे नेला. ते सुनेचे पाय चाचपायला निघाले होते.

"नका! आबा, नका!" आई किंचाळली. सासऱ्याचा हात आपल्या पायाला लागणं म्हणजे तिच्या लेखी केवढं पाप. तिनं सपाता धाडकन खाली टाकल्या आणि पाय आत खुपसले. पट्टी अडकत होती तरी रेटला. आबांची बोटं पोचली तेव्हा पांढऱ्या केसांवर पोचली.

ते दचकले. "हे काय? जनावर आहे का?"

दारातल्या एकीला हसू फुटलं. आबांनी हात काढून घेतला नाही. क्षणभर त्या मऊपणावरून फिरवला आणि म्हणाले, "आता जाय घरात."

ती सपाता घालून घरात गेली. उंबऱ्याच्या आत गेल्यावर भिंतीला टेकून बसली. मी तिच्यापाशी गेले तर मला म्हणाली, "तू चूप राह्य." संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. रोज पट्टी सोडताना बाबा बाहेर निघून जायचे. जखमेची कड मी डोळ्यांत तेल घालून बघायची. तिसऱ्या दिवशी ती करडी दिसली आणि मी कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली, जळगावला न्यायला. पाचव्या दिवशी करडं तेवढंच होतं. सातव्या दिवशी आतून लाल दिसायला लागलं. आंबे संपता संपता जखम भरली.

आबांनी मात्र तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ती जाता-येता ओट्यापाशी थांबायची आणि एक पाय पुढे करायची. आबा काठीचं टोक खाली करायचे. टोकाला मऊ लागलं की "हं" म्हणायचे. मग तिनं जायचं. गावातल्या इतर सुना चपला हातात घेऊन जायच्या आणि आमची आई पाय पुढे करून उभी. लोक हसले, मग सवय झाली.

दोन वर्षांनी हिवाळ्यात आबा गेले. त्यांना ओट्यासमोर रस्त्यावर निजवलं होतं. आई सगळ्या बायकांबरोबर अनवाणी बाहेर आली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठली. मग काय वाटलं कोण जाणे, घरात गेली. परत आली ती सपाता घालून. तिसरा जोड होता तो, नवाच, केस पांढरेशुभ्र.

"पायातलं काढ व! म्हातारा समोर हाये," एक चुलत आजी फिसकारली. सगळं गाव बघायला लागलं. आई कुणाकडेच बघत नव्हती. ती पायरीपाशी, रोजच्या जागी येऊन उभी राहिली आणि तिनं उजवा पाय पुढे केला. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिरडी बांधणारेही थांबले. ती तशीच उभी होती, जागची हलत नव्हती.

ती कशाची वाट बघते आहे हे त्या गर्दीत मला एकटीला कळलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "हं."

तेव्हा तिनं पाय मागे घेतला.