पत्रिका जुळवणाऱ्या काकू

जुने लॅपटॉप दुरुस्त करायचा मला नाद आहे. फणसवाडीतल्या एका काकूंकडे वीसेक वर्षांपूर्वीचा जाडजूड लॅपटॉप पडून आहे असं कळलं, म्हणून गेलो. त्यावर छापखान्यांसाठी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून त्यांनी मुलांची शिक्षणं केली होती. लॅपटॉप त्यांनी तसाच देऊन टाकला. "चालू झाला तर एकदा दाखवायला आण," एवढंच म्हणाल्या.

मी बिजागरी बदलली, पंख्यात साचलेली धूळ काढली. हार्ड डिस्क शाबूत निघाली आणि लॅपटॉप चालू झाला. काकू आता तो परत मागतील अशी धास्ती होती, तरी नेला.

त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि कीबोर्डकडे न बघता झरझर टाइप केलं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. थोडा वेळ ते वाचलं, मग पुसून टाकलं आणि लॅपटॉप हलकेच मिटला.

"ठेवायचाय का, काकू?"

"नको रे. मुलं भंगारात देणार होती. तो असा बंदच मोडीत घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता खुशाल ने."

मी जिना उतरून वाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्या गॅलरीत कठड्याशी उभ्या होत्या.