करडईच्या तेलावरची मोटार

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात ईश्वरप्पा तेल्याचा लाकडी घाणा होता. घराणे लिंगायत, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. कंदील आले तेव्हा घरोघरचे दिवे त्याच्या हातून गेले, आणि गिरणीचे तेल आले तेव्हा बरीचशी स्वयंपाकघरेही गेली. उरली ती थोडी जुनी घरे, संक्रांतीच्या जत्रेतला देवाचा तैलाभिषेक, आणि एक नियम: आपल्या तेलात दुसरे काही घालायचे नाही. हा नियम त्याने कधी कोणाला बोलून दाखवला नव्हता. वडिलांकडून घर मिळाले तसाच तोही मिळाला होता, आणि घराची डागडुजी करावी तितक्याच निमूटपणे तो पाळला जात होता.

एकदाच तो बोलून दाखवला गेला, आणि त्यात त्याची लेक तुटली.

बसम्मा त्याचे एकुलते अपत्य. तिला मंद्रूपच्या चन्नप्पांच्या घरी दिली होती. चन्नप्पांचे किराण्याचे दुकान होते. माणूस व्यवहारी, पण सुनेला जाच करणारा नव्हे. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी आपल्या बीगरापुढे, म्हणजे व्याह्यापुढे, एक सोय मांडली. ईश्वरप्पाने घाण्याचे तेल द्यावे, आपण त्यात निम्मे गिरणीचे मिसळू, आणि ईश्वरप्पाच्या नावाने विकू. नकार द्यायचा तर आत, जेवणाच्या पाटावर बसूनही देता आला असता. ईश्वरप्पाने तो भर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहून दिला.

"बीगर, भेसळीच्या दुकानाला माझं नाव नको!"

गिऱ्हाइके वळून पाहू लागली. चन्नप्पांनी व्याह्याकडे एकवार पाहिले.

"मग तुमचे पायही या पायरीला नकोत," ते म्हणाले.

त्यानंतर पंचमीला बसम्मा आली नाही. तिचे पहिले बाळंतपणही रीत सोडून सासरीच झाले. नात झाल्याचा निरोप आला तो तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. ईश्वरप्पाने तो ऐकला आणि बैलाला जू लावले. त्याची बायको सावित्रम्मा चुलीपुढे बसून होती. त्या दिवशी चूल पेटली नाही.

आपल्या समाजात सत्य बोलणाऱ्याला मान आहे. पण ते कोठे आणि कोणादेखत बोलावे, याचा विचार फार थोडे करतात. ईश्वरप्पाने सत्य बोलून लेक गमावली असे बोळातले लोक म्हणत आणि त्याला मोठेपणा देत. त्याला तो मोठेपणा टोचत असे. आपण खरे बोललो यात त्याला शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की त्या पायरीवर आपल्या तोंडून सत्य बोलत होते की गर्व.

नात झाल्यावर थोड्याच दिवसांनी आबासाहेब त्याच्या दारात आले. मालवाहतुकीचा ठेका घेणारा हा शिकलेला गृहस्थ. त्यांनी डिझेल इंजिनाची एक बंदिस्त मालमोटार आणली होती. तिचे जळणतेल मुंबईहून पिंपांतून येई, कधी वेळेवर, कधी नाही. असले इंजिन वनस्पतीच्या तेलावरही चालते असे त्यांच्या वाचनात आले होते, आणि मंदीमुळे करडईला तर कोणी विचारत नव्हते.

"ईश्वरप्पा, तुमचं तेल माझ्या मोटारीला हवं."

"मोटार भजी तळती की काय साहेब?"

"तळत नाही, पिते."

"पिऊ द्या की मग. माणसं सोडून गेली, यंत्र तरी आलं." ईश्वरप्पा हसला. मग सहज विचारावे तसे विचारले, "जाती कुटं तुमची मोटार?"

"मंद्रूपवरून खाली भीमेच्या काठापर्यंत. दर बाजाराला."

ईश्वरप्पाने हातातला फडका दोनदा पिळला आणि तेल द्यायला होकार दिला.

मोटार चालवणारा बिरप्पा हा मंगळवेढ्याकडचा धनगर. मेंढरे दुष्काळात गेली म्हणून तो शहरात आला होता, आणि इंजिनालाही मेंढरासारखेच चुचकारून बोलत असे. पहिली फेरी करून तो परत आला तेव्हा डबे खाली ठेवायच्या आधीच हसू लागला.

"अण्णा, लई तमाशा झाला! तुमच्या तेलाचा धूर म्हंजे नुसता तळणाचा वास. कुत्री माग लागली. मंद्रूपात पोरं वरडत पळाली, भज्याची गाडी आली म्हणून. एक म्हातारी द्रोण घिऊन उभी की!"

"मंद्रूपात कुटं थांबलास?"

"चन्नप्पा वाण्याच्या दुकानाम्होरं. त्येंचाच माल असतोय."

"इंजिन बंद केलं हुतंस?"

"न्हाय. चालूच हुतं. का वो?"

"काही न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला, आणि पेंड गोळा करू लागला.

त्या दिवसापासून ईश्वरप्पाचे आयुष्य बाजाराच्या दिवसाकडे तोंड करून चालू लागले. मोटारीचे तेल तो स्वतः गाळी, जाड कापडातून, पुन्हा पातळ कापडातून, आणि उन्हात निवळू देई. लहानपणी बसम्मा घाण्याच्या लाकडावर बसून बैलामागे गोल गोल फिरे. तिच्या परकराला, वेणीला, पाटीदप्तराला हाच वास असे. तो वास आता दर आठवड्याला तिच्या दारावरून जात होता. तिला तो ओळखू येत असेल का? की मंद्रूपच्या पोरांसारखी तीही भज्यांची गाडी म्हणत असेल? बिरप्पाला एका शब्दाने विचारता आले असते. पण विचारायचे म्हणजे भांडण सांगावे लागले असते, आणि उत्तर 'नाही' असे आले असते तर उरलेला आठवडा कसा काढायचा, हे त्याला ठाऊक नव्हते.

सावित्रम्माला हे कळायला वेळ लागला नाही.

"इतकं काय निवळायचं ते? देवाला घालायचंय का?"

"इंजिन नाजूक असतं."

"इंजिन!" ती म्हणाली. "अवं, धुरानं का लेक भेटती? पाय हायत न्हवं तुमाला?"

"त्या पायरीला नकोत म्हणालेत."

"मग पायरीच्या अलीकडं उभं ऱ्हावा."

तो उठून अंगणात गेला.

दुसऱ्या थंडीत मोटार कुरकुरू लागली. सकाळी सुरू होईना, चढावर दम टाकी, काळा धूर ओकी. स्टेशनाजवळच्या मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा तेल फवारणारी बारीक भोके काजळीने बुजलेली निघाली आणि आत गोंदासारखा चिकटा साठलेला. आबासाहेब स्वतः सांगायला आले.

"तेल घट्ट पडतं, ईश्वरप्पा. मिस्त्री म्हणतो, घासलेट मिसळून पातळ केलं तर चालेल. मात्र मिसळायचं ते इथं, तुमच्याकडेच. गाडीवर शुद्ध तेलाचे डबे गेले तर वाटेत कोणी काढून विकेल, आणि मिसळीचं प्रमाणही चुकेल."

"घासलेट माझ्या घाण्यावर?"

"नको असेल तर राहू द्या. मी पुन्हा मुंबईची पिंपं मागवतो. माझा काही आग्रह नाही."

"दोन दिवस द्या साहेब."

ते दोन दिवस ईश्वरप्पाला फार जड गेले. यंत्राला पाजायच्या तेलात घासलेट घालणे ही भेसळ नव्हे, एवढे त्याला समजत होते. ज्याला द्यायचे त्याला माहीत, ज्याने मागितले त्याच्याच सांगण्यावरून. यात फसवणूक कोणाची? बुद्धीने हे मान्य केले तरी हात मानेना. आणि हात मानेना याहून मोठे दुःख दुसरेच होते. घासलेट घातले की तो वास मरणार; न घातले तर तेलच जाणार नाही. दोन्ही वाटांनी मंद्रूपच्या दारापर्यंत पोचणारे त्याचे काहीच उरत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्याने घासलेटचा डबा घाण्याच्या खोलीत न आणता अंगणात भिंतीबाहेर ठेवला आणि स्वतःच्या हाताने मिसळ केली. आपल्या निर्मळ, पिवळ्या तेलात ते पाण्यासारखे पातळ घासलेट वितळून गेले; ढवळायलाही फारसे लागले नाही. त्याला त्याचेच नवल वाटले. इतकी वर्षे ज्याची भीती बाळगली ते किती सहज होते!

बिरप्पाने टाकी भरून इंजिन सुरू केले. ईश्वरप्पा मागे जाऊन धुरात उभा राहिला. तळणाचा वास कुठेतरी तळाशी होता. पण वर होता तो कोणत्याही दुकानातला, कोणत्याही कंदिलाचा.

"बिरप्पा, म्होरं जागा हाय का?"

"बसा की. पर तुमी कुटं?"

"मंद्रूपला."

सावित्रम्मा दारात होती. ती आत जाऊन धुतलेला पटका घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला.

मोटार मंद्रूपच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंनी शाळूची शेते निसवली होती. बिरप्पा आपल्या इंजिनाशी बोलत होता, "चल गं बाई, आज खोकत न्हाईस, शानी झालीस." मंद्रूपच्या बाजारात मोटार शिरली तेव्हा पोरे धावली नाहीत. एक-दोघांनी नाकाला हात लावून तोंडे फिरवली. दुकानापुढे गाडी थांबली. बिरप्पा माल उतरवायला मागे गेला. ईश्वरप्पा जागेवरच बसून राहिला. पटका त्याने डोळ्यांवर ओढून घेतला होता.

दुकानाला लागून घराचे दार होते. ते उघडले, आणि कडेवर लहान पोर घेऊन एक बाई उंबऱ्यावर आली. पोरीने मोटार पाहिली मात्र, दोन्ही हात पसरून ती झेपावू लागली.

"अज्ज! अज्ज!"

आजोबा! ईश्वरप्पाने पटका वर सारला. आपल्याला या पोरीने कधी पाहिले? पण तिची नजर त्याच्याकडे नव्हतीच. ती मोटारीला हाक मारीत होती.

बसम्माचा चेहरा मात्र उतरला होता. पदर नाकाशी धरून ती लगबगीने मोटारीच्या मागच्या बाजूला गेली.

"बिरप्पा, आज धूर निराळाच की. घासलेटचा. अप्पांचा घाणा बंद पडला का? बरं न्हाई का त्यांना? खरं सांगा."

बिरप्पाच्या हातातले पोते तसेच राहिले. "तुमी अण्णांच्या... आन मला कुनी सांगितलंच न्हाई!" तो म्हणाला. "बरं हायत, अक्का. म्होरं बसल्यात. बगा की."

ईश्वरप्पा खाली उतरला. बाप-लेक बाजाराच्या धुळीत समोरासमोर उभे राहिले. पोर मोटारीकडेच हात करीत होती.

"तिला वाटतं ही मोटारच अज्ज," बसम्मा म्हणाली. ती हसली. "मीच शिकवलं. दर बाजारी तुमचा घाणा दारावरनं जायचा. पहिल्याच दिवशी मी तव्यावरची भाकर तशीच टाकून पळत आले, अप्पा. वाटलं, तुम्हीच आलात."

दीड वर्ष जे एक उत्तर त्याला हवे होते ते मिळाले होते. पण ते मिळताच त्याला दिसले की आपण तिच्या दारी केवळ धूर पाठवीत आलो, आणि ती दर वेळी माणूस येईल म्हणून उंबऱ्यावर येत राहिली.

त्याने पोरीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. हाताला घासलेट आहे हे आठवून मागे घेतला. मग तो दुकानाकडे वळला. पायरीच्या अलीकडे थांबून त्याने पटका काढला. बाजाराचा दिवस होता. गिऱ्हाइके उभी होती.

"बीगर, तेलात दुसरं काही घालणार न्हाई म्हणालो, ते आजही म्हणतो. पण ते हितं, चार लोकांत म्हणालो, त्यात तुमचा अपमान केला. म्हणून हे बी चार लोकांतच सांगतो."

चन्नप्पा कोणासाठी तरी गूळ तोलत होते. त्यांनी तागडी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, गूळ बांधून दिला, हात पुसले.

"बाजाराच्या दिवशी घरचं बोलणं दुकानात नको," ते शेवटी म्हणाले. "बाजार नसंल त्या दिवशी या."

"मोटार बाजाराच्या दिवशीच येती की, बीगर."

"मग चालत या."

एक गिऱ्हाईक हसले. चन्नप्पा हसले नाहीत, पण दुसरे गिऱ्हाईक पाहण्याआधी ते सुनेकडे वळून म्हणाले, "दाक्षायणीला उन्हात उभी करू नको. तिच्या अज्जाला दाखव नीट, आणि आत ने." नातीचे नाव ईश्वरप्पाने तेव्हा प्रथम ऐकले.

बिरप्पाला पुढे भीमेकाठी जाऊन परत यायचे होते, म्हणून सोलापूरकडे निघालेल्या एका बैलगाडीत त्याने ईश्वरप्पाला बसवून दिले. ज्ञानबा नावाचा गाडीवान बोलका होता. पण हा म्हातारा सारखा मान वळवून वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहत होता. विहीर दिसली की मागे वळून पुन्हा पाही. लिंबाचे झाड आले की त्याची सावली किती पसरते ते न्याहाळी.

"काय हुडकताय, पावनं?"

"पाणी कुटं कुटं हाय, ते बगतोय."

"तहान लागली व्हय? माज्याकडं भोपळा हाय भरल्याला."

"मला न्हाय," ईश्वरप्पा म्हणाला. "पुढच्या खेपेला घरातली संगं असंल. तिला चालायची सवय न्हाई."