नऊ शे

स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची असं बाबांनी ठरवलं, तेव्हा सगळे भिंतीकडे बघत होते आणि मी छताकडे. त्या भिंतीच्या बरोबर वर, गच्चीवर, आमची हजार लिटरची काळी टाकी आहे. सकाळी मोटर लावली की टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज खाली स्वयंपाकघरात येतो. मला तो लहानपणापासून नकोसा वाटतो. डोक्यावर कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.

जळगावातलं आमचं घर बैठं, जुन्या कॉलनीतलं. स्वयंपाकघर अंधारं आहे. आई आतून काहीतरी सांगते, आम्ही बाहेरून "काय?" म्हणतो, आणि ती "काही नाही" म्हणते. बाबा फैजपूरला एका ओळखीच्यांकडे ओपन किचन बघून आले आणि त्यांनी मनावर घेतलं. प्लॅन मी काढायचा असंही त्यांनीच ठरवलं. पुण्याच्या कंपनीचं काम मी घरून करत होते, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर, म्हणजे मला प्लॅनही येणार, असा त्यांचा हिशोब. मी नाही म्हटलं नाही. मी सहसा नाही म्हणत नाही, गप्प बसते, आणि लोक त्याला हो समजतात.

माप घ्यायला मिस्त्री आले. अमळनेरकडचे, साठीचे, सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते अहिराणीत बोलायचे. बाबा मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे दोघांची लगेच गट्टी जमली. मला अहिराणी कळते, पण मी कधी बोलत नाही. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं तरी दंड होता, अहिराणीचं तर नावच नको. घरीही बाबा माझ्याशी साधं मराठी बोलायचे आणि अहिराणी आत्यासाठी, गावासाठी राखून ठेवायचे.

नाना टेप धरून माप सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते. "दहा फूट, चार इंच, तीन सूत."

"सूत म्हणजे?" मी विचारलं.

नाना हसले. "दोरा नही वं माय! इंचना आठवा भाग. इंग्लिश शाळामा सूत नही शिकाडत का?"

बाबाही हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण माझे कान तापले. त्यानंतर मी काही विचारायचं नाही असं ठरवून टाकलं.

मग टाइल्सचं बोलणं निघालं. टाइल्स मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून सहाशे, बाराशे असे आकडे चालू झाले. त्या भिंतीतलं जुनं दार काढून मागच्या बाजूला बसवायचं, ते किती रुंद भरेल यावरही बाबा आणि नाना बोलत होते. तेवढ्यात नाना दारापाशी वाकले, भिंतीच्या कडेला टेप लावला आणि म्हणाले, "नऊ शे. लिखी ले."

मी दारापुढे लिहिलं, ९००.

लिहिताना काहीतरी खटकलं होतं. नाना दार मोजत असते तर टेप आडवा ताणला असता. त्यांनी तर तो नुसता चिमटीत धरला होता. हे मी पाहिलं होतं. विचारलं नाही.

प्लॅन मी एका ॲपवर काढला. बाबांनी तो धुळ्याच्या एका ओळखीच्या इंजिनिअरला फोनवर पाठवला. ते स्वतः कधी आले नाहीत. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "घराला कॉलम नाहीत ना? मग स्लॅबचं वजन भिंतींवरच आहे. नऊ इंची भिंतीला हात लावू नका. साडेचार इंची असेल तर खुशाल पाडा, ती नुसता आडोसा असते." मग प्लॅन बघून म्हणाले, "ही साडेचारचीच दिसते." प्लॅनवर 'पाडण्यास हरकत नाही' असं लिहून, सही करून त्यांनी फोटो पाठवला. बाबांनी त्याची प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. "आमच्या पोरीनं काढलाय."

भिंत फोडायच्या दिवशी आत्या धुळ्याहून येणार होती. घरात पसारा होणार, आईला मदत हवी म्हणून. आई आत गॅसवर भरताची वांगी भाजत होती. "फोडायला दुपार होईल, तोवर माझं आटपतं," ती म्हणाली. मी टेबलाशी चहा घेत होते. आत्याचा फोन आला, बाबांनी स्पीकरवर टाकला.

"भाऊ, मी उनू. स्टँडवर उभी शे."

"कितला नंबरना फलाटवर?"

"नऊ शे, नऊ! आनि लवकर ये, आठे बसाले जागा नही."

बाबा "उनू, उनू", म्हणजे आलो, आलो, म्हणत गाडी काढून गेले.

कप माझ्या हातातच राहिला. नऊ शे. नऊ आहे. फलाट नऊ आहे. माझ्या डोळ्यांसमोर चिमटीत धरलेला टेप आला. नाना दार मोजत नव्हते, भिंतीची जाडी मोजत होते. भिंत नऊ आहे, असं ते सांगत होते. आणि मी आहेचं शंभर केलं होतं.

मग साडेचार कुठून आलं? मी लॅपटॉप उघडला. भिंतीची जाडी मी कुठे भरलीच नव्हती. जिथे आपण काही भरत नाही, तिथे ते ॲप स्वतःच साडेचार इंच धरतं. इंजिनिअरनी माझा प्लॅन बघून सही केली होती. बाबांनी त्यांची सही बघून नानांना बोलावलं होतं. सगळ्यात खाली मी होते.

बाबांना फोन लावला. गाडी चालवताना ते उचलत नाहीत. आईला सांगावं म्हणून उठले, तर नाना आत आलेलेच होते, सोबत घण घेतलेला एक माणूस. दुपार नव्हती, दहाही वाजले नव्हते. बाबांनी टेबलावर ठेवलेलं फोल्डर नानांनी उचललं, सही पाहिली, भिंतीवर खडूनं चौकट आखली आणि त्या माणसाला मान हलवली.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण फोन हातात धरून नुसती उभी राहिले. वर टाकी भरलेली होती. सकाळीच मोटर चालवली होती, तो आवाज मी ऐकला होता. भिंतीपलीकडे आई वांगी उलटत होती, जळक्या सालीचा वास येत होता. पहिला घाव बसला. गिलाव्याचा मोठा पोपडा खाली पडला आणि आतून आई म्हणाली, "आतापासूनच?"

"वेट!" माझ्या तोंडून निघालं. "वेट, वेट, प्लीज!"

घणवाला माझ्याकडे बघून हसला. त्यानं पुन्हा घण उचलला. नाना म्हणाले, "धूळ लागी ऱ्हायनी का, ताई? मांगे सरक जराशी."

तेव्हा मी त्या दोघांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, भीत नऊ शे!"

भिंतीला अहिराणीत भीत म्हणतात एवढं ऐकून माहीत होतं, उच्चार मात्र चुकला असणार. घण हवेतच थांबला. मग नानांनी खिशातून टेप काढला, दाराच्या कडेला भिंतीला लावला आणि मला वाकून बघायला सांगितलं. गिलावा सोडून पूर्ण नऊ इंच.

"ठेव रे तो घण," ते माणसाला म्हणाले. मग फोल्डरकडे बघत, जरा खालच्या आवाजात, "माले बी वाटी ऱ्हायनं व्हतं. पन कागदवर सही शे, मंग आपन काय बोलानं?"

मी खाली बसले. नाना तेवढं बोलले असते तर, असं मनात आलं, आणि लगेच टेप चिमटीत धरलेला बघूनही गप्प बसलेली मी आठवले.

आई हात पुसत बाहेर आली. "काय झालं?" तिनं विचारलं. मी सवयीनं "काही नाही" म्हणणार होते. पण सगळं सांगितलं, सूतापासून. तिनं ऐकून वर छताकडे बघितलं आणि जाऊन गॅस बंद केला.

बाबा आत्याला घेऊन आले तेव्हा मी पायरीवरच उभी होते. त्यांनी स्कूटर उभी करायच्या आत बोलले, नाहीतर जमलं नसतं. "बाबा, प्लॅन चुकला. माझ्यामुळे." त्यांनी हेल्मेट काढलं नाही. तसेच आत गेले, पोपडा पडलेल्या जागेवरून तळहात फिरवू लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

भिंत आहे तिथेच आहे. आता तिच्यात फक्त एक छोटी खिडकी पाडायची असं चाललं आहे, आणि त्यासाठी इंजिनिअर स्वतः येऊन बघणार आहेत. नव्या वहीत जाडी मी सगळ्यात आधी लिहिली, अक्षरांत. खडूची चौकट अजून कुणी पुसलेली नाही. सकाळी मोटर लागली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते, आणि आईला पण हाक मारून बाहेर बोलावते. ती येते. विचारत नाही कशाला.