हुसेनभाई आणि परमुलखातली चूल

हुसेन मुलाणी गेल्याचं मला बारामतीत, दाढी करताना कळलं. कळसहून, त्यांच्या गावाहून, पुतण्याचा फोन आला होता. झोपेतच गेले म्हणे. मी अर्धी राहिलेली दाढी पुरी केली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना...

आमच्या डिस्टिलरीत मळी आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो थंड करून, दाबाखाली द्रवरूप करून टँकरमध्ये भरायचं काम माझं. टँकर गुजरातेत तेलविहिरींवर न्यायचं काम हुसेनभाईंचं. तिथं हा वायू जमिनीत खोल दाबतात. थकलेल्या विहिरीतलं चिकट तेल त्यानं पातळ होऊन वर येतं, आणि वायू बराचसा खालीच राहतो. "घाण पुरायची आन् तेल काढायचं! धंदा झ्याक हाय, सायेब," म्हणून ते मोठ्यानं हसायचे.

पुतणीच्या लग्नाला मीही गेलो होतो; तिथं मात्र त्यांनी घोळ घातला. भरलेला टँकर घेऊन निघालेला हा माणूस वाटेत घरी थांबला, आणि पाहुण्यांना दिसावा म्हणून टँकर मांडवाशेजारच्या उंचवट्यावर लावला. ऊन चढलं, आतला दाब वाढला, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वायू सुटू लागला. हवेपेक्षा जड असल्यानं तो उतारानं खाली गेला आणि बिर्याणीच्या देगांसाठी खणलेल्या चरात साचला. जाळ विझायला लागला. आचारी लाकडांना शिव्या घालत, वाकून फुंकर मारत होता. हुसेनभाईंनी एकदा चुलीकडं पाहिलं, एकदा टँकरकडं, आणि धावत जाऊन, घुसमटून कोसळलेल्या आचाऱ्याला काखेत धरून वर ओढलं. "समदी वर पळा!" मीही पळालो. आचारी थोड्या वेळानं शुद्धीवर आला. बिर्याणी कच्चीच राहिली.

त्यानंतर टँकर कधी घराकडं वळला नाही. पण भीती मनात बसली ती बसलीच. तेलविहिरीवरच्या इंजिनिअरला त्यांनी विचारलं, "पुरल्यालं वर आलं तर? हितं वस्ती हाय." वर खडकाचं जाड झाकण आहे, आम्ही लक्ष ठेवतो, असं त्यानं नीट समजावलं. हुसेनभाईंना पटलंही. तरी विहिरींजवळच्या खोलगट जागेत एका बाईंची चहाची टपरी होती, तिथं ते प्रत्येक खेपेला थांबायचे आणि आधी चुलीत डोकावायचे. "चूल नीट पेटतीया न्हवं?" असं थेट कळसच्या मराठीत. चहा नंतर. बाईंना वाटायचं, महाराष्ट्रात नमस्कार असाच करत असतील.

परवा नवा ड्रायव्हर पहिली खेप करून आला. म्हणाला, "सायेब, तितं येक चहावाली हाय. आपला टँकर बघून म्होरं आली आन् आपल्या बोलीत म्हणाली, चूल नीट पेटतीया, भाईला सांग. ह्ये काय आसतंय?"

मी म्हणालो, "पुढच्या खेपेला सांग त्यांना, भाई गेले. आणि चूल तू बघून ये."