रंभाबाईचा आवाज

लकडगंजात अशी आवई होती की आदल्या वर्षी हनुमान जयंतीच्या पंगतीत दुसऱ्यांदा बुंदी मागणाऱ्या माणसाच्या डोक्यावर रंभाबाईने उकळतं वरण ओतलं. साफ खोटं. वरण नव्हतं, कैरीचं थंडगार पन्हं होतं. आणि त्या माणसाने, म्हणजे मंदिर कमिटीच्या भैयाजींनी, बुंदी मागितलीच नव्हती. शेजारचे जेवत असताना ते पत्रावळीवरून उठले होते. शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर पन्हं वाढणाऱ्या रंभाबाईच्या पंगतीतून उठायचं नसतं.

बाई आरागिरणीच्या दारात शेगडीचा भुसा विकायची. दिवसभर करवतीच्या वर आवाज चढवून तिचा गळाच करवत झाला होता. "पन्हं घेतं का गा?" हेही ती असं विचारी, की घेणाऱ्याला आपण चोरीत सापडलो असं वाटे. सोळा वर्षांच्या नकल्या विश्वनाथला ती डोळ्यासमोर नको असे आणि तिचा आवाज मात्र जिवापाड हवा असे. पानठेल्यावर तो तिची नक्कल करी तेव्हा लोक सायकली थांबवत. त्याच्या बाकी नकलांना कोणी मानही वळवत नसे.

त्या चैत्रातल्या हनुमान जयंतीला उन्हं कलल्यावर, रस्त्यावर पाणी शिंपडून पंगत बसली. विश्वनाथ मंडपामागे माइकपाशी होता. रंभाबाई पन्ह्याची बादली घेऊन तिथेच आली.

"काहून रे पोट्ट्या, माही नक्कल करून राहिला म्हणते?"

"करतो न काकू. तुमच्यापेक्षा बरी करतो. लोकाइले फरक समजत नाही."

"मोठा आला. तुह्या आवाजानं कुत्रंही नाही उठत."

"कुत्रं राहू द्या, अख्खी पंगत उठवतो तुमच्या आवाजात. लावता पैज? उठली तं पुढच्या वर्षीपासून तुम्ही बादली धरायची नाही."

"अन् एकही नाही उठला तं माहा आवाज माह्या घरी ठेवून जाजो. पुन्हा तोंडातून काढला तं जीभ करवतीखाली देईन."

विश्वनाथने माइक तोंडाशी धरला. इतकी हुबेहूब नक्कल त्याला जन्मात साधली नव्हती.

"झालं न गिळून? उठा आता. बसून काहून राहिले, जागा बापाची आहे का?"

भैयाजींनी उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला, मग काय आठवलं कोण जाणे, तोच हात डोक्यावर ठेवून ते नीट मांडी घालून बसले. एकाने तर रिकाम्या पत्रावळीतून खोटाखोटा घास घेतला.

"उठू नको गा," शेजारचा कुजबुजला, "बाई पाहून राहिली कोण उठते ते."

आवाज तिचाच वाटला, म्हणूनच कोणी उठलं नाही. हे विश्वनाथला उमगेपर्यंत रंभाबाईने त्याच्या हातून माइक काढून घेतला होता. जिंकल्याच्या भरात ती पहिल्यांदाच गोड बोलली, "जेवा गा, सावकाश जेवा."

पंगतीत हशा पिकला.

"विश्वनाथ," भैयाजींनी बसल्या जागेवरून हाक घातली, "हे नक्कल नाही जमली तुले. बाई अशी बोलते का कधी?"

विश्वनाथने तिच्याच आवाजात उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचा एकुलता एक चांगला आवाज पैजेत गेला होता.