गेणभाऊंचा हात

निमगाव सावा आणि आसपासच्या गावांत बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी गोऱ्हा घ्यायचा तर आधी त्याला गेणभाऊंचा हात लागायचा. डोळे मिटून ते गोऱ्ह्याच्या मांडीवर तळवा फिरवायचे आणि सांगायचे, हा घाटात, शर्यतीच्या चढावर, पळेल, तो नांगरालाच बरा. या हाताचा त्यांना भारी तोरा होता.

घरचा गोऱ्हा सोन्या दोनदाती, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा, झाला ते २००१ साल. त्याच्या आईला दूध नव्हतं, म्हणून धोंडाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, त्याला बाटलीवर वाढवलेला. रोज सकाळी कणकेच्या गोळ्यात अंडं घालून त्या स्वतः भरवायच्या. पळायला चपळ, पण अंगानं किरकोळ. यात्रेत एक गाडामालक चारचौघांत म्हणाला, "गेणभाऊ, ह्ये गोऱ्हं हाय का शेरडू?" ते भाऊंच्या जिव्हारी लागलं. शहरातला एकजण वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं चोरून विकायचा. त्या इंजेक्शनांनी मांस चढतं म्हणे. भाऊंनी ती आणली आणि गोठ्यात स्वतःच टोचू लागले. धोंडाबाईंनी विचारलं, तर "जंताचं औषध हाय," म्हणून मोकळे झाले.

वर्षभरात सोन्या ओळखू येईना. मांड्या भरल्या, छाती रुंदावली, लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. भाऊंचा हात मात्र वेगळंच सांगत होता. मांस वाढलं होतं, पण त्याला पीळ नव्हता, आणि गुडघे कायम गरम लागायचे. हे कळत असूनही पुढच्या यात्रेतल्या शर्यतीत त्यांनी सोन्याला गाड्याला जुंपलं.

निम्म्या घाटात त्याचा पुढचा पाय मोडला. जनावरांचे डॉक्टर पाय चाचपत म्हणाले, "अंगाचा भार वाढलाय, तेवढी ताकद वाढली नाही. सांधे अजून कोवळे आहेत. काय चारत होता याला?"

भाऊ तोंड उघडणार, तोवर धोंडाबाईच म्हणाल्या, "माजंच चुकलं, डाक्टर. लई अंडी चारली मी."

आणि भाऊ गप्प राहिले.

सोन्या जगला, पण लंगडा. त्या दिवसापासून धोंडाबाईंनी त्याला अंडं दिलं नाही. तो रोज सकाळी दावं ताणून तोंड पुढं करायचा आणि त्या नुसता कपाळावरून हात फिरवून आत यायच्या. ओसरीवर बसलेल्या भाऊंना चहा गोड लागायचा नाही. लाजेनं त्यांनी लोकांच्या गोऱ्ह्यांना हात लावणं सोडलं, पण बायकोला खरं सांगायचा धीर काही झाला नाही. अशी चार वर्षं गेली.

त्या भागात पोळा भादव्यात असतो. त्या पोळ्याला धोंडाबाई सोन्याची शिंगं रंगवत होत्या. अवसरीचा पाहुणा म्हणाला, "काय धिप्पाड बैल हाय राव! घरचा खुराक दिसतोय."

धोंडाबाईंचा हात थांबला. तो थांबलेला हात भाऊंना बघवेना.

"खुराक न्हाई, पावणं," ते म्हणाले. "इंजेक्शनं व्हती. मीच टोचली. हिचा काय दोष न्हाई."

आता हिनं चार शिव्या घालाव्यात, असं भाऊंना मनापासून वाटत होतं. धोंडाबाई रंगाचा डबा ठेवून घरात गेल्या आणि कणकेत अंडं घालून गोळा घेऊन आल्या. सोन्यानं तो हातातूनच खाल्ला आणि तळहात चाटत राहिला.

"चार वर्सं ह्यो रोज तोंड पुढं करीत व्हता," भाऊंकडे न बघता त्या म्हणाल्या, "आन तुमी बगत व्हता."